कापलेला भोज्या

दिवा राहू दे, पण जरा कोपऱ्यात सरकव, डोळ्यांवर येतोय. आणि तू, जिन्यापाशी बसलायस तो, आत ये. भीतीचं काही नाही रे, माझे पाय आखडलेत, पसरायला जागा हवी.

तर, त्या मोठ्या बागेची गोष्ट. परवा तुमच्यातल्याच कोणीतरी मला टोमणा मारला, की रंगकाका अर्धं शहर रंगवलं म्हणून सांगतात आणि संध्याकाळी बागेत चला म्हटलं की त्यांचे गुडघे दुखतात. गुडघे माझे ठणठणीत आहेत. त्या बागेतल्या एकूण एक बाकाला मी या हातांनी रंग दिलाय. पण उद्घाटन झाल्यापासून आत पाऊल ठेवलेलं नाही. का, ते आज सांगतो. माझ्यावर गुदरलेलं नाही ते, माझ्या एका दोस्तावर गुदरलं. जे मी पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगीन, जे त्याच्याकडून ऐकलं ते ऐकलं म्हणून. पदरचं काही घालणार नाही.

दोस्त म्हणजे वेल्डर. सगळे त्याला ठिणगी म्हणायचे, अर्धं कामामुळे आणि अर्धं स्वभावामुळे. लोखंडाला लोखंड असं जोडायचा की वरून बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. पण डोकं तापलं की तोच हात सुटायचा, आणि समोर कोण आहे हे तो नंतर बघायचा. मदतनिसाच्या कानाखाली, रिक्षावाल्याच्या गचांडीला, आणि घरी... घरी सात वर्षांची मुलगी होती त्याची. एका जागी टिकायची नाही, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणायचो. जीव होता त्याचा तिच्यावर, खोटं कशाला बोलू. पण दूध सांडलं, फटका. गृहपाठ राहिला, फटका. त्याची बायको इस्पितळात नर्स. ती मला म्हणायची, "भावजी, दिवसभर जगाची मलमपट्टी करते आणि घरी येऊन पोरीच्या गालाला बर्फ लावते." हसत म्हणायची. आम्हीही हसायचो. बापाने पोराला दोन द्याव्यात यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

बाग तेव्हा पार उकिरडा झाली होती. झोपाळ्यांच्या साखळ्या चोरीला गेलेल्या, कारंज्यात डुकरं. मग वरच्या कोणाच्यातरी मनात आलं की बागेचा कायापालट करायचा. पळायला वाट, म्हाताऱ्यांना व्यायामाची यंत्रं, स्केटिंगची रिंग, चढायला दोरांचं जाळं, नागमोडी घसरगुंडी आणि मधोमध मोठी लोखंडी चक्री. चक्री म्हणजे ती गोल फिरती फळी, काही पोरं दांडा धरून वर उभी राहतात आणि बाकीची बाहेरून ढकलतात ती. लोखंडाचं सगळं काम ठिणगीकडे, रंगाचं माझ्याकडे. साहेब लोक नुसते भोज्याला शिवून गेल्यासारखे यायचे. नकाशा उलगडायचे, गुंडाळायचे, निघायचे.

काय म्हणालास? भोज्या म्हणजे काय? घ्या आता. अरे, तुम्ही लहानपणी खेळलात तरी काय, नुसते मोबाइलवर अंगठे? ऐक. पकडापकडीत एकावर राज्य असतं. तो बाकीच्यांच्या मागे धावतो. ज्याला शिवेल त्याच्यावर राज्य. आता ज्याला धाप लागली, ज्याच्याने पळवत नाही, त्याने जायचं कुठे? तर खेळायच्या आधीच काहीतरी ठरवलेलं असतं. एखादं झाड, एखादी पायरी, एखादा खांब. त्याला हात लावून उभं राहिलं की राज्यवाला काही म्हणजे काही करू शकत नाही. तो भोज्या. भोज्यावर असलेल्याला शिवायचं नाही. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडणारं पोर मी जन्मात पाहिलं नाही. मोठं माणूस मात्र एक होतं.

त्या बागेचा भोज्या म्हणजे एक लोखंडी खांब. पूर्वी कधी त्यावर दिवा असेल, आमच्या वेळेला नुसता खांब उरला होता. आमच्या आधीच्या पोरांचा भोज्या तोच, आमचाही तोच. पोरांच्या छातीच्या उंचीवर त्याचा रंग हातांनी झिजून गेलेला असायचा.

आमच्यात एक बोबड्या होता, आठ-नऊ वर्षांचा. त्याला ज म्हणता यायचा नाही. राज्याला राद्य म्हणायचा आणि भोज्याला भोद्या. आम्ही चिडवायचो, तो चिडायचा नाही, उलट आमच्याबरोबर हसायचा. त्याचा बाप कारखान्यात होता. पिऊन आला की पोराला बडवायचा, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. एका संध्याकाळी तो बाप नळाचा तुकडा घेऊन बागेत शिरला. कशावरून, ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. मी तापाने घरी पडलो होतो, माझा थोरला भाऊ मात्र तिथे खेळत होता. बोबड्याने बापाला पाहिलं आणि पळाला. पण कुठे पळाला? फाटक सताड उघडं होतं, रस्त्यावर माणसं होती. तो फाटकाकडे गेलाच नाही. तो खांबाकडे गेला. दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली आणि ओरडला, "भोद्या."

आणि माझा भाऊ सांगायचा की बाकीची पोरंही एका सुरात ओरडली. "काका, तो भोज्यावर आहे."

बापाने पहिला तडाखा तिथेच घातला. मग दुसरा. "हात सोड," म्हणायचा आणि मारायचा. पोरगा सोडेना. जसजसा मार बसला तसतसा घट्ट धरत गेला. माणसं धावून आली तोवर पोर संपलं होतं, मिठी तशीच होती. ती सोडवायला दोन बाप्ये लागले.

मग माणसांनी त्या बापाला धरलं. फाटकापाशी, त्याच्याच नळाने, जीव जाईपर्यंत. ते मी सांगत नाही. भाऊसुद्धा पुरतं कधी सांगत नसे. एवढंच म्हणायचा, की त्या माणसाचा जबडा तुटला होता, तरी तो खांबाकडे हात करून एकच बोलत होता. "त्याला सांगा, हात सोड म्हणून."

ते बागेचं काम निघालं तेव्हा त्या गोष्टीला चाळीसेक वर्षं होऊन गेलेली. आठवण असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. खांब मात्र उभा होता. घसरगुंडी आणि चक्री यांच्या मधल्या जागेत लाल रबरी फरशी घालायची होती, पोरं पडली तर लागू नये म्हणून, आणि खांब नेमका तिथे येत होता. मी ठिणगीला बाजूला घेतलं. सगळी हकिकत सांगितली आणि म्हटलं, एवढा एक खांब राहू दे.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नकाशात खांब नाही. साहेबाला काय सांगू, भुताचा आहे?"

"काहीही सांग. पण कापू नको."

"आणि बापाच्या माराने पोरं मरत नसतात रे. मरायचंच होतं त्याला," असं म्हणून त्याने गॅसचा कटर पेटवला. खांब जमिनीलगत कापला, बुंध्यावर सिमेंट, सिमेंटवर लाल फरशी. वरचा तुकडा भंगारात गेला. महिन्याभराने तिथे खांब होता हे मलाही नीट दाखवता आलं नसतं.

फेब्रुवारीतला तिसरा शनिवार. उद्घाटन सोमवारी. शनिवारी दिवेलागणीला तपासणीवाले साहेब आले आणि त्या दिवशी नेमके वाकूनबिकून बघायला लागले. चक्रीच्या खाली, ती ज्या दांड्यावर फिरते तिथे, एक फट उघडी होती. तिच्यावर जाड पत्र्याचं झाकण यायचं होतं, ते राहून गेलं होतं. साहेब म्हणाले, चक्री फिरत असताना एखाद्या पोराने खाली हात घातला तर मनगटापासून जाईल. रविवारी खुर्च्या-मांडवाची माणसं येणार, तेव्हा झाकण आज रात्रीच बसवा.

वहिनीची त्या आठवड्यात रातपाळी. घरी पोरीला एकटं कसं ठेवणार, म्हणून ठिणगी तिला बरोबर घेऊन निघाला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जेवण करून मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, दहा वाजायला आले असतील. स्कूटर थांबली. मुंगी पुढे उभी, पायात नवे बूट.

"रंगकाका, सगळ्यांच्या आधी मी घसरणार."

"घसर बाई. पण कुंपणाच्या गजांना हात लावू नको, रंग ओला आहे."

"मग तुम्ही आधी का नाही दिला?"

ठिणगी हसला, मीही हसलो. स्कूटर गेली. दोन्ही हात शाबूत असलेला ठिणगी मी पाहिला तो तेवढाच. इथून पुढचं त्याने सांगितलेलं.

राखणदाराने फाटक उघडून दिलं आणि तो मागच्या अंगाला आपल्या खोलीत गेला. बागेतले दिवे अजून जोडलेले नव्हते. ठिणगीने लांब वायर टाकून एक मोठा दिवा चक्रीपाशी ठेवला. त्याच्या उजेडात चक्री, लाल फरशी आणि घसरगुंडीचा खालचा अर्धा भाग दिसत होता. बाकी सगळा काळोख. मुंगी घसरगुंडीवर सुटली. हा पाठीवर झोपून चक्रीखाली सरकला. पाना, बोल्ट, झाकण. काम अर्ध्या तासाचं.

वर पोरीचे पाय वाजत होते. रबरावर पावलं वाजतात ना, पट पट पट. पळत जायची, चढायची, घसरायची, पुन्हा पळायची. बापाला बरं वाटत होतं. मग त्याला वाटलं की पावलं जरा जास्त वाजतायत. घसरगुंडीवर ती घसरतेय आणि फरशीवर पावलं चालूच आहेत. आवाज घुमत असेल, म्हणून त्याने दुसरा बोल्ट घेतला.

मग मुंगी हसली. एकटं पोर खेळताना हसतं तसं नाही. कोणीतरी हसवल्यावर हसतं तसं.

"मुंगे, हळू. पडशील."

"नाही पडत बाबा. माझ्यावर राज्य नाहीये."

"मग कोणावर आहे?"

"त्या काकांवर."

त्याला वाटलं राखणदार परत आला असेल. बिचारा पोरीला खेळवतोय. "कुठले काका गं?"

"ते फाटकातून येतायत ना, ते."

तो चक्रीखालून बाहेर सरकला. फाटकाकडे पाहिलं. फाटकाला आतून कडी होती, त्यानेच घातलेली. तिथे कोणी नव्हतं. पण आवाज होता. लोखंडावर लोखंड. कोणीतरी कुंपणाच्या गजांवरून नळ ओढत चाललं होतं, सावकाश, एकेक गज वाजवत. टण... टण... टण.

मुंगी पळत आली. चक्रीकडे नाही, बापाकडे नाही. लाल फरशीच्या मधोमध येऊन थांबली. दोन्ही हात पुढे करून तिने मिठी मारली. गाल टेकला. आणि म्हणाली, "भोद्या."

समोर काही नव्हतं. काहीच नव्हतं रे. पोरगी हवेला मिठी मारून उभी होती, आणि गाल असा टेकलेला की एका बाजूने चपटा झालेला.

ठिणगी म्हणाला, "भोद्या काय गं. भोज्या म्हणतात."

"तो भोद्या म्हणतो."

"कोण तो?"

टण... टण... आवाज वळला. कुंपण संपलं. आता गवतावरून येत होता. गवतावर आवाज व्हायला नको, पण होत होता. जड पाऊल. मग श्वास. दारूचा वास आला, असं ठिणगीने मला दोनदा सांगितलं.

पहिला तडाखा घसरगुंडीवर बसला. पत्र्याला हातभर पोचा पडला, दिसेल असा. दुसरा दिव्यावर. दिवा फुटला. आता रस्त्यावरच्या दिव्याचा काय तो उजेड.

तिसरा ठिणगीच्या खांद्यावर.

तो कोसळला. उठला. पाना घट्ट धरून त्याने वारा तोडल्यासारखा फिरवला. कोणाला लागणार? गुडघ्यावर बसला एक. पोटावर एक. तोंडावर बसला तेव्हा दोन दात जिभेवर आले, ते त्याने थुंकले. जन्मभर दुसऱ्याला मारलेला माणूस. मार कुठून येतोय हे न कळता मार खाणं त्याला माहीतच नव्हतं.

आणि मुंगीला काही होत नव्हतं. तिच्याभोवती नळ फिरत होता. केस उडत होते तिचे. पण एक तडाखा तिच्यावर पडत नव्हता. ती डोळे मिटून उभी होती, मिठी मारून.

ठिणगीला एवढंच सुचलं की पोरीला उचलायचं आणि फाटक गाठायचं. तो रांगत तिच्यापाशी गेला. कमरेला विळखा घातला.

"चल. सोड."

"नाही बाबा. इथून हललं की ते काका शिवतील."

"सोड म्हणतो ना."

त्याने ओढलं. पोर हलेना. लोखंडाची तुळई एकटा खांद्यावर घेणारा माणूस, आणि सात वर्षांचं पोर त्याला हलेना. पाठीत तडाखा बसला. त्याने पुन्हा ओढलं. बरगडी मोडलेली कळली त्याला. आणि घाबरला की तो चिडायचा, दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

हात सुटला.

तोंडावर. मुंगीचा ओठ फाटला.

"हात सोड."

आणि सगळं थांबलं.

नळ थांबला. श्वास थांबला. रातकिडेही नाहीत. आपण काय बोललो, कोणाचं बोललो, ते ठिणगीला त्या शांततेत कळलं. मीच तर सांगितलं होतं त्याला.

मग पाठीवर हात पडला. तडाखा नाही. नुसता हात. एखादा दोस्त ठेवतो तसा. आणि कानापाशी, अगदी मऊ...

"शिवलं. आता तुझ्यावर."

...

पाणी दे जरा. नाही, थांबत नाही, घसा ओला करतो.

त्याचा उजवा हात वर गेला. तो उचलत नव्हता. हातात पाना होता, जड, हातभर लांब. तो खाली आला आणि मुंगीच्या खांद्यावर बसला. हाड वाजलं. तिने हूं की चूं केलं नाही. फक्त गाल आणखी दाबला.

हात पुन्हा वर गेला.

ठिणगीने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. लोंबकळला त्याला. त्याचाच हात, आणि त्याला आवरेना. तेव्हा तो ओरडला. माणूस जन्मभर एक बोलतो आणि एका क्षणी उलटं बोलतो, तसं.

"सोडू नको. मुंगे, हात सोडू नको."

त्याने स्वतःला मागे फेकलं. पाठीवर पडला. टाचा मारत, उजव्या हाताला डाव्याने ओढत, फरफटत चक्रीपाशी गेला. उजवा हात पोरीकडे ओढ घेतोय. नखं रबरात रुततायत. पाना सुटला तर बोटं तिच्याकडे वळतायत. त्याने चक्रीला लाथ घातली. चक्री फिरली. दुसरी लाथ. तिसरी. ती वजनदार चक्री, बेअरिंग नवं, त्यानेच बसवलेलं. गरगर फिरायला लागली.

झाकणाचा एकच बोल्ट बसला होता. फट उघडी होती.

त्याने हात आत घातला.

...

चक्री एकदम नाही थांबली. मांस, मग हाड. दोन वेळा अडखळली. मग थांबली.

राखणदार धावत आला तो ठिणगीच्या किंकाळीने. त्याला मी स्वतः विचारलं, की अरे शहाण्या, इतका वेळ काय कान बंद होते तुझे? तो शपथेवर म्हणाला की काका, तोवर मला फक्त पोरं खेळतानाचा आवाज येत होता. पोरं म्हणाला तो. मी म्हटलं, पोर एकच होतं.

त्याने बॅटरी मारली. ठिणगी चक्रीखाली अर्धा. आणि फरशीच्या मध्ये ती पोरगी, एक खांदा लोंबतोय, हनुवटीवर रक्त, आणि तरी हवेला मिठी. राखणदार म्हणाला, "बाळा, चल."

तिने डोळे न उघडता विचारलं, "राज्य उतरलं?"

बिचाऱ्याला काय कळणार. पण म्हातारा शहाणा. म्हणाला, "हो बाळा, उतरलं." तेव्हा तिने हात सोडले आणि ती खाली बसली.

इस्पितळात रातपाळीला कोण होतं ते तुम्हाला सांगितलंय. एका गाडीवर नवरा, दुसरीवर मुलगी. मला राखणदाराने फोन केला होता, मी पोचलो तेव्हा वहिनी पोरीचा ओठ पुसत होती. हात स्थिर होते तिचे. पोरीच्या गालावर चार बोटं उमटलेली. तिने नवऱ्याकडे वळून विचारलं, "हे कोणी केलं?"

आता बघा. तो भूत म्हणाला असता तर चाललं असतं. राखणदार साक्षीला होता, घसरगुंडीचा पोचा होता, हात तुटलेला होता. कोणीही मान्य केलं असतं. ठिणगी शुद्धीवर होता. म्हणाला, "मी."

एवढंच. भुताचं त्याने तिला पुढेही कधी सांगितलं नाही. मला सांगितलं, आठव्या दिवशी, आणि नंतर तो विषय काढू दिला नाही.

उद्घाटन पंधरा दिवस पुढे गेलं. घसरगुंडीचा पत्रा बदलला, चक्रीचं झाकण दुसऱ्या वेल्डरने बसवलं, फरशी धुतली. आज तिथे संध्याकाळी उभं राहायला जागा मिळत नाही, तुम्हीही खेळलायत तिथे. तुम्हाला काही झालं नाही, मग घाबरता कशाला? माझं मत विचाराल तर राज्य तिथे राहिलंच नाही. ते ठिणगी घेऊन गेला.

कारण नंतरची सगळी वर्षं मी त्याला बघत होतो. उजवा हात मनगटापासून नाही. आणि डावा, घरात असला की खिशात. जेवायला काढायचा, पुन्हा खिशात. मुंगी शाळेत पहिली आली, सगळ्यांनी तिची पाठ थोपटली, हा दारात उभा, डोळे भरलेले, आणि हात खिशात. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, बाप ना तू? पाठीवरून हात तरी फिरव पोरीच्या."

तो म्हणाला, "माझ्यावर राज्य आहे रे. मी कसा शिवू तिला?"

मला रडू आलं होतं तेव्हा. सांगायला लाज वाटत नाही. चार वर्षांपूर्वी गेला तो, झोपेत. तिरडीवर ठेवायला उचलला तेव्हाही डावा हात खिशातच होता, आणि वहिनी म्हणाली, राहू द्या तसाच.

राहिली मुंगी. खांदा जुळला, ओठावरची रेघ कळतही नाही आता. पण त्या रात्री वहिनीने तिचे हात धुतले तेव्हा मी शेजारी उभा होतो. दोन्ही मनगटांवर खुणा होत्या. चार बोटं आणि एक अंगठा, इकडे तसंच तिकडे. डॉक्टर म्हणाले, बापाने ओढलं त्याचे वळ. बापाने ओढलं होतं कमरेला धरून. आणि ठिणगीची बोटं म्हणजे लोखंड धरून धरून केळ्याएवढी झालेली. ही बोटं बारीक होती. शिवाय ती पुढून धरलेली होती. मधल्या खांबाच्या पलीकडे कोणी समोरासमोर उभं राहिलं, आणि त्याने पलीकडून हिची मनगटं घट्ट धरून ठेवली, तर उमटतील तशी.

वळ आठ दिवसांत जातात. हे गेले नाहीत. पांढरट होऊन राहिले. गेल्या आठवड्यात ती मला भेटायला आली होती. बावीस-तेवीसची झालीय, आईएवढी उंच. मी म्हटलं, "बघू." तिने बाह्या वर करून दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

माणूस वाढतो तसे अंगावरचे जुने व्रणही ताणले जातात, पसरतात, हो ना? तिची मनगटं भरली, हात लांब झाले. खुणा मात्र त्या रात्री होत्या तेवढ्याच आहेत. अजूनही आठ-नऊ वर्षांच्या पोराचीच बोटं आहेत ती.